काही करत नाही हो, शांत आहे!

घरात फिश टँक आहे हे एकदा लोकांना कळलं की आपण फुकटातले सल्लागार होतो, त्याला इलाज नाही. सोसायटीतल्या काकू, ऑफिसमधले कलीग, नणंदेच्या दिराचा मुलगा, सगळे दुकानात उभं राहून फोटो पाठवतात आणि खाली एकच प्रश्न, हा मारामारी करतो का? मी "नाही करत" एवढं लिहिलं की लगेच अंगठा येतो आणि मासा घरी. म्हणून हल्ली मी सरळ उत्तरच देत नाही, आधी उलट विचारते की बाकी टँकमध्ये काय काय आहे आणि केवढं आहे.

कारण मारामारी करणं आणि खाऊन टाकणं ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे बहुतेक घोळ इथेच होतो. रागीट मासा दुसऱ्याला हाकलतो, शेपटी कुरतडतो, कोपऱ्यात दाबून ठेवतो, पण त्याला समोरचा खायचा नसतो, त्याला जागा हवी असते, नाहीतर मादी हवी असते, नाहीतर अंडी राखायची असतात. शिकारी माशाला कोणाचा राग बिग काही नसतो. त्याला फक्त भूक असते. आणि शिकार करायची तर आरडाओरडा करून चालत नाही, समोरच्याला बिचकवून चालत नाही, त्यामुळे हा दिसायला टँकमधला सगळ्यात सज्जन मासा असतो. लग्नात कोणाशी एक शब्द न बोलता पंगतीत बसून शांतपणे पंधरा जिलब्या उडवणारे काका असतात ना, तसा.

माझा भाचा इथे नाशिकलाच सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याने मागच्या पावसाळ्यात तीन फुटी टँक लावला. छान लावला, खोटं कशाला बोलू, मागे काळा कागद, मधे ड्रिफ्टवूड, त्यावर जावा मॉस, आणि निऑन टेट्राची झुंड. निऑन म्हणजे ती निळ्या-लाल पट्ट्याची चिमुकली मासोळी, पूर्ण वाढली तरी तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. सोबत चार एंजल मासे, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे, आणि दुकानात काहीतरी वेगळं दिसलं म्हणून एक बिचिर. ज्यांनी बिचिर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा आफ्रिकेतला मासा, लांबट गोल अंगाचा, पाठीवर एक सलग फिन नसून छोट्या छोट्या फिन्सची ओळ असते, आणि मधूनमधून वर येऊन हवा गिळून जातो कारण ह्याला फुप्फुसं असतात. खूप जुन्या घराण्यातला मासा आहे. दिवसभर लाकडाखाली पडून राहतो, खायला टाकलं तरी सावकाश, वास घेत घेत येतो. दुकानदाराने सांगितलं होतं, एकदम शांत आहे, कोणालाही त्रास नाही. आणि ते खोटं नव्हतं बरं का. त्रास तो खरंच कोणाला देत नाही.

दिवाळीपर्यंत सगळं मस्त, थंडीतही मस्त, आणि होळीच्या आसपास निऑन कमी व्हायला लागले. मेलेला मासा नाही, काटा नाही, काही नाही, रोज सकाळी मोजावं तर एक कमी. मग सुरू झाली घरच्यांची सीआयडी. भावोजी म्हणाले तू आधीच मोजायला चुकलास, ताई म्हणाली गॅलरीतून मांजर येतं, मग फिल्टर उघडून झाला, टँकच्या मागे वाळलेला मासा सापडतो का ते बघून झालं. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं अरे बिचिर आहे ना तुझ्याकडे, तर लगेच, "नाही गं मावशी, तो कसला खातोय, तो दिवसभर हलत सुद्धा नाही." दिवसभर हो. रात्रीचं काय? रात्री लाईट बंद झाल्यावर कोणी पाहिलंय त्याला?

तर रात्री दोनला मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं त्याने. बिचिर टँकभर हिंडत होता. ह्या माशाची नजर तशी अधूच, पण नाक फार तिखट, आणि शिवाय माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी लॅटरल लाईन म्हणून एक रेघ असते, तिच्यातून पाण्यातली बारीक हालचालसुद्धा कळते, म्हणजे अंधाराने ह्याचं काहीच अडत नाही. उलट निऑन बिचारे अंधारात फिके पडतात, तो निळा पट्टा जवळजवळ दिसेनासा होतो, आणि एका जागी सुस्त तरंगत राहतात. माशांना पापण्या नसतात त्यामुळे ते झोपलेत का जागे आहेत हे आपल्याला पटकन कळत नाही एवढंच, पण झोपतात. झोपलेला मासा आणि वासावर चालणारा शिकारी, मग काय होणार.

बिचिरची रवानगी मित्राच्या मोठ्या टँकमध्ये झाली, गुढीपाडव्याला नवीन निऑन आले. आणि गंमत म्हणजे तेही कमी व्हायला लागले.

ह्यावेळी एंजल. आणि एंजलवर कोणाचाच संशय नव्हता कारण ताईचे ते लाडके, एवढे देखणे, इतके हळू हळू पोहतात, हाताने दिलेलं खातात. पण एंजल हा सिक्लिड नावाच्या कुळातला आहे, म्हणजे ऑस्कर नावाच्या त्या दांडग्या शिकारी माशाच्या खानदानातला, अमेझॉनच्या पाण्यात तो मुळांच्या आणि लव्हाळ्यांच्या मधे ते उभे काळे पट्टे घेऊन लपून राहतो आणि समोर आलेला किडा, कोळंबी, लहान मासा उचलतो. ते पट्टे आपल्या हॉलच्या शोभेसाठी नाहीयेत. आणले तेव्हा नाण्याएवढे होते, आता पंजाएवढे झाले. तेच निऑन, तोच टँक, फक्त तोंड मोठं झालं. पहाटे लाईट लागायच्या आधी खिडकीतून थोडासा उजेड येतो तेव्हा एंजलला दिसत असतं आणि निऑन अजून पेंगत असतात, बहुतेक कार्यक्रम त्या वेळात उरकतो. आपण उठतो तेव्हा सगळे एंजल पुढच्या काचेपाशी येऊन खायला मागत उभे, जणू रात्रभर उपाशी.

तर मुद्दा तोंडाचा आहे. माशाचं खाणं आपल्यासारखं चावून चावून नसतं. बहुतेक शिकारी मासे अचानक तोंड उघडतात, गालाची पोकळी फुगवतात, आतला दाब कमी होतो आणि समोरचं पाणी माशासकट आत ओढलं जातं, मग तोंड बंद आणि पाणी कल्ल्यातून बाहेर. पापणी लवायच्या आत सगळं होतं म्हणून आपल्याला कधी दिसतच नाही. त्यात सिक्लिडचं तोंड पुढे नळीसारखं बाहेर येतं, त्यामुळे बंद तोंड बघून लावलेला अंदाज हमखास कमीच निघतो. घशात आणखी एक दातांचा जबडा असतो तो वेगळा, रगडायचं काम तिथे. तोडून, तुकडे करून खाणं हे फार थोड्या माशांना जमतं. बाकीच्यांचा नियम सरळ आहे, तोंडात अख्खं मावलं की खाणं, नाही मावलं की शेजारी.

म्हणून लांबी बघू नका. लोक म्हणतात हा चार इंची आणि तो तीन इंची, कसा खाईल. अहो लांब बारीक मासा डोक्याकडून आत जातो, शेपटी थोडा वेळ बाहेर राहते, पण जातो. बघायचं असतं ते लहान माशाचं अंग पाठीपासून पोटापर्यंत किती उंच आहे ते, आणि समोरच्याचं तोंड, तेही आजचं नाही, पूर्ण वाढल्यावरचं. म्हणूनच सिल्व्हर डॉलर ऑस्करबरोबर टिकतो, तो ताटलीसारखा चपटा आणि उंच, जवळजवळ १५ सेंटिमीटरचा होतो, ऑस्करला तो धरताच येत नाही. त्याच वजनाचा एखादा लांबट मासा मात्र जाईल.

आता हे पूर्ण वाढल्यावरचं जे आहे ना, तिथे दुकानातला टँक आपल्याला पार फसवतो, कारण तिथे सगळीच पिल्लं असतात. दीड इंचाचा ऑस्कर, दोन इंचाचा शार्क, तीन इंचाचा रेड टेल, सगळे एका मापाचे, सगळे गोड. ऑस्कर व्यवस्थित खायला मिळालं तर सुरुवातीचे काही महिने महिन्याला इंचभर वाढतो आणि टँकमध्ये आरामात फूटभर होतो. आपल्याकडे दुकानात शार्क म्हणून जो चंदेरी-काळा, सतत काचेला धडका मारत फिरणारा मासा मिळतो तो शार्क बिर्क काही नाही, तो पंगास आहे, हॉटेलात बासा म्हणून जे फिलेट खातो ना, बहुतेक वेळा तोच. मेकाँगमधला मासा, नदीत चार फुटांपर्यंत जातो. स्वभावाने इतका भित्रा की दार आपटलं तरी उलटापालटा होतो, आणि तरीही जरा मोठा झाला की तोंडात मावणारे मासे गट्टम. भित्रा आणि शिकारी हे एकाच अंगात असू शकतं हे लोकांना पटतच नाही. आणि रेड टेल कॅटफिश तर, माझं स्पष्ट मत आहे, घरच्या टँकसाठी विकायलाच नको. मीटरभर वाढणारा मासा आहे तो. त्याच्या मिशा लाडाने हलतात, तो खायला मागायला वर येतो, सगळं खरं, पण त्याला ठेवायला तुमच्याकडे तलाव पाहिजे, आणि तलावात दुसरं काही ठेवायचं नाही.

हिशोब करून बघा. एक घनफूट म्हणजे २८ लिटरच्या जरा वर. आपल्याकडे सर्रास मिळणारा दोन बाय एक बाय एक फूटचा टँक म्हणजे ५६-५७ लिटर, त्यातून खडी-दगड वजा केले तर पन्नास. त्यात फूटभर रुंदीच्या टँकमध्ये फूटभराचा ऑस्कर, तो वळणार कसा ते सांगा आधी. चार बाय दीड बाय दीड केला तर २५० लिटरच्या आसपास जातं, एका ऑस्करसाठी तिथून पुढे बोलता येतं.

आणि पाण्याचं विसरू नका. मोठा मांसाहारी मासा म्हणजे मोठी घाण, घाण म्हणजे अमोनिया. फिल्टर झेपला नाही की अमोनिया चढतो आणि पहिले जातात ते लहान मासे. लोक म्हणतात ऑस्करने मारले, पुष्कळदा ऑस्करने हातही लावलेला नसतो, त्याच्या पाण्याने मारलेले असतात. मग मेलेला उचलून खातो तेव्हा रंगेहाथ पकडला जातो एवढंच.

ह्याच्या उलट खरे भांडखोर मासे. टायगर बार्ब घ्या. दिवसभर एकमेकांच्या मागे, गप्पीची शेपटी दिसली की तोड, फायटरची झालर दिसली की तोड, एंजलच्या लांब फिन्स तर त्यांना फारच आवडतात. पण सहा-आठ किंवा जास्तच ठेवले की त्यांचं त्यांच्यातच भांडण चालू राहतं आणि बाकीच्यांना बऱ्यापैकी सोडतात. दोनच ठेवले तर मात्र सगळ्या टँकचं जगणं मुश्किल. कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी अंड्यांवर असली की तिप्पट आकाराच्या माशाला पळवून लावते. पॅरट, तो लाल-केशरी फुगलेला, संकरातून तयार केलेला आहे, त्याचं तोंड धड पूर्ण मिटतसुद्धा नाही, त्यामुळे राग आला तरी फार काही करू शकत नाही, ढुशा मारतो. ह्या सगळ्यांना इलाज आहे. दगडांची जागा बदला, सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि नव्याने वाटणी होते. लपायला जागा वाढवा, मधे नजर अडेल असं लाकूड उभं करा, टँक लांबीला मोठा घ्या, झुंड वाढवा. फ्लॉवरहॉर्न, तो कपाळावर टेंगूळवाला सिक्लिड, सोडला तर, तो एकटाच ठेवायचा, त्यावर चर्चा नको. राग मॅनेज करता येतो. भूक मॅनेज करता येत नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, का नाही करता येत, पोटभर खायला घातलं की झालं. नाही हो. मांसाहारी मासा रोज ठरल्या वेळी तीनदा जेवणारा प्राणी नाही, मिळेल तेव्हा खा अशी त्याची घडण आहे, नदीत पुढचं जेवण कधी मिळेल त्याची खात्री नसते. पोट टम्म असताना तो सुस्त पडतो, मागे लागत नाही, हे खरं. पण नाकासमोरून मासोळी गेली तर? तोंड आपोआप उघडतं. भरपूर खायला घालून फार तर शिकार लांबते, आणि खाऊ घातल्याने तो वाढतोय वेगळाच.

दुसरं एक ठरलेलं वाक्य, लहानपणापासून एकत्र वाढवले की ओळखतात एकमेकांना. ऑस्कर माणूस ओळखतो, खायला घालणाऱ्याला बघून नाचतो, हे मी मानते. पण सोबत वाढलेला निऑन म्हणजे आपला भाऊ असं त्याच्या डोक्यात काही नसतं. एकत्र वाढल्याने एवढं होतं की सवयीमुळे थोडे दिवस तो त्याला खाणं म्हणून बघत नाही. तेवढ्या दिवसांच्या भरवशावर लोक व्हिडिओ करतात, बघा आमच्याकडे ऑस्कर आणि मोली किती प्रेमाने राहतात. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ कोणी टाकत नाही.

आणि ह्यात आपल्या नाशिकची एक खास भर आहे. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मंदावते, हालचाल मंदावते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज येतो, निफाडकडे तर विचारूच नका, आणि घरोघरी हीटर असतो पण लावलेला नसतो, बिल येतं म्हणून. पाणी वीसच्या खाली गेलं की हे सगळे अमेझॉनवाले, आफ्रिकावाले पाहुणे गारठून तळाशी. लोकांना वाटतं वा, किती गुण्यागोविंदाने राहतायत. मग शिवरात्र होते, थंडी शिव शिव करत जाते, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी खोलीतच ३२-३३ होतं, पाणी तापतं, आणि चार महिन्यांची भूक जागी होते. तोपर्यंत तोंडही मोठं झालेलं असतं. भाच्याकडे होळीलाच का सुरू झालं त्याचं उत्तर हेच असावं असं माझं मत आहे. (थंडीत हीटर न लावल्याने मासे शांत राहतात म्हणून तसंच ठेवा असं मी म्हणत नाहीये हं, त्या गारठ्यात पांढरे ठिपके येऊन सगळेच जातात. २५-२६ वर हीटर लावा आणि गुपचूप बिल भरा.)

शाकाहारी घरांचा एक वेगळाच प्रश्न. गंगापूर रोडला माझी एक मैत्रीण आहे, घरात अंडंही चालत नाही, आणि मुलाने हट्टाने ऑस्कर आणला. तिला म्हणे त्याला शाकाहारी पेलेटवर ठेवायचं होतं. मी म्हटलं बाई, त्या पेलेटच्या डब्यावर मागे वाच, पहिलंच फिश मील, म्हणजे माशांची पूड, लिहिलेलं असतं. तिने तो डबा आता बाल्कनीत ठेवलाय. श्रावण आला की मुलगा विचारतो ह्याला आज काय द्यायचं, म्हटलं जे रोज देतोस तेच, त्याने कुठे संकल्प सोडलाय.

जिवंत मासे खाऊ घालायचा प्रकार मात्र मला अजिबात आवडत नाही आणि हे मी दयेपोटी म्हणते असं समजू नका. महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतात, ते नाल्यात, हौदात कुठेही जगतात आणि भरमसाट वाढतात, मग पोरं ते गाळून आणतात आणि ऑस्करला टाकतात. त्या पाण्यातले सगळे जंत, सगळे रोग सोबत फुकट येतात. दुकानातले स्वस्तातले गोल्डफिश टाकणं तर त्याहून वाईट, गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, त्याने ब जीवनसत्त्वातलं थायामिन मोडतं, सतत तेच खाल्लं तर मोठा मासा आजारी पडतो. शिवाय एकदा पळणाऱ्या माशाच्या मागे लागायची चटक लागली की टँकमधल्या बाकीच्यांकडे बघायची त्याची नजरच बदलते. कोळंबी द्या, गांडूळ द्या, चांगल्या पेलेट द्या, पाहुण्यांना तमाशा दाखवायला मासे टाकू नका.

मग काहीजण हुशारी करतात, की खाताच येणार नाही असा लहान मासा ठेवू. कोरी, म्हणजे कोरीडोरास, तळाशी फिरणारा तो मिशीवाला छोटा. त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात आणि फिन्समधे काटे, घाबरला की ते काटे बाहेर काढून लॉक करतो. ऑस्करला हे वाचता येत नाही. तो गिळतो, काटे घशात अडकतात, मग ना तो आत जातो ना बाहेर येतो, आणि दोघंही जातात. काचेला चिकटून राहणाऱ्या लहान सकर माशाचंही तेच. तोंडात मावणारा काटेरी मासा हा साध्या लहान माशापेक्षा जास्त वाईट पर्याय आहे, कारण तिथे शिकारीसुद्धा वाचत नाही. एंजलबरोबर मात्र कोरी छान राहतात, एंजल त्यांच्या वाटेला जात नाही.

बरं मग ठेवायचं काय, नुसतं नको नको करून कसं चालेल. एंजल असतील तर निऑन विसरा आणि अंगाने जरा मोठे टेट्रा बघा, रमी नोज बरे जातात, पाच सेंटिमीटरपर्यंत होतात आणि चपळ आहेत. विडो टेट्रा तोंडात मावत नाही पण तो एंजलच्या फिन्स कुरतडतो, म्हणजे शिकाऱ्याच्या टँकमध्ये गुंड आणून बसवल्यासारखं होतं. निऑनच हवे असतील तर निऑन आधी मोठे करा, झाडं गच्च लावा, मग एंजल अगदी बारके आणा, आणि तरीही एक दिवस मोजदाद कमी भरणार आहे हे धरून चाला. ऑस्कर असेल तर सिल्व्हर डॉलर, सेव्हरम (हाही सिक्लिडच), मोठा झालेला सकर, बस. मध्यम सिक्लिड असतील आणि सारखे लाकडामागे लपून बसत असतील तर आपला जायंट डॅनिओ टाका, हा आपल्या भारतातलाच, ओढ्यांतला मासा, चार इंचांपर्यंत होतो, विजेसारखा पळतो, वरच्या थरात त्याची झुंड बिनधास्त हिंडताना दिसली की खालच्या सिक्लिडला वाटतं धोका नाही आणि ते बाहेर येतात. लहान मासा मोठ्याला धीर देतो असा हा प्रकार, बघायला मजा येते. आणि थर बघून ठेवा. वरच्या पाण्यात शिकार करणारा तळाला फारसा जात नाही, तळाचा शिकारी मात्र रात्री सगळीकडे जातो, त्यामुळे बिचिर किंवा कॅटफिश आहे तिथे कुठलाच थर सुरक्षित धरू नका. अरवानाचं तोंड वर उघडतं, पाण्यावरचे किडे उडी मारून धरायला, म्हणून झाकण नसेल तर तो सकाळी फरशीवर सापडतो. आणि तो तीन फुटांचा होतो, त्यामुळे नशीब उघडायला आणत असाल तर आधी हॉल उघडा.

शेवटचं, आणि हे मी जरा चिडून लिहितेय. मासा मोठा झाला, बाकीचे खाऊन झाले, आता झेपत नाही, मग लोक काय करतात, पिशवीत घालून गोदाघाटावर नेतात. सोडून दिला, सुटला बिचारा, वर पुण्य. अजिबात करू नका. सकर मासा असाच लोकांनी सोडलेला देशभरातल्या नद्या-तलावांत पसरलाय, जाळी फाडतो, कोणी खात नाही, विकला जात नाही. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला होता, अमेरिकेतला मासा, तो तिथे चालत आला नसणार. आपल्या पाण्यात आपले शिकारी आहेत ना, मरळ आहे, वाम आहे, त्यांच्या ताटात परक्यांना कशाला बसवायचं. दुकानदाराला परत द्या, बरेचजण घेतात, पैसे देणार नाहीत पण घेतात. ग्रुपवर टाका, मोठा टँक असलेला कोणीतरी पंचवटीत नाहीतर नाशिकरोडला निघतोच. टँकमध्ये मधे काच टाकून पार्टिशन करता येतं, तोवर वेळ निघतो. भाच्याचा बिचिर असाच गेला आणि त्याच्या मित्राकडे ऑस्करशेजारी आता मजेत आहे, दोघांपैकी कोणाच्याही तोंडात दुसरा मावत नाही.

भाच्याच्या टँकमध्ये सध्या एंजल, कोरी आणि रमी नोज. शांतता आहे, म्हणजे एवढी की त्याला कंटाळा आलाय. परवा परत दुकानातून फोटो, आफ्रिकन बटरफ्लाय फिश, पाण्याच्या अगदी वर पंख पसरून तरंगणारा, तोंड आकाशाकडे. खाली लिहिलंय, "मावशी, हा एकदम शांत आहे म्हणतात, घेऊ?" मी लिहिलं, चार-पाच इंच होतो, वर येईल ते खातो, उडी मारतो. कोरीला काही करणार नाही, रमी नोजची मी गॅरंटी देत नाही, आणि आधी झाकणाच्या मागचं ते वायरींचं भोक बुजव. निळी खूण आलीये, उत्तर अजून नाही.